द्यूतसभेतील द्रौपदी आणि शास्त्रीय नृत्य

महाभारताच्या सभापर्वातील द्यूतप्रसंग कथक, कथकळी, भरतनाट्यम आणि ओडिसी या चारही शैलींत सादर होत आला आहे, पण तो सगळीकडे एकाच जागी संपत नाही. कोठे तो कृष्णाने पुरवलेल्या वस्त्रांवर संपतो, कोठे दुःशासनाच्या रक्तात भिजलेल्या केसांच्या बांधणीवर, तर कोठे भर सभेत विचारलेल्या आणि कोणीच उत्तर न दिलेल्या प्रश्नावर. पात्रे तीच, सभा तीच, पण शेवट बदलला की प्रसंगाचा अर्थ बदलतो. पहिल्या शेवटात ती भक्तवत्सलतेची कथा होते, दुसऱ्यात सूडाची आणि तिसऱ्यात न्यायाची. जुन्या आख्यानाची नवी मांडणी करण्यासाठी नृत्याला कथानक मोडावे लागत नाही. प्रसंग कोठे थांबवायचा, कोणत्या क्षणाला किती वेळ द्यायचा आणि तो कोणाच्या नजरेतून दाखवायचा, एवढे ठरवले की मांडणी आपोआप बदलते. नर्तकांनी द्रौपदीच्या बाबतीत हे कसे केले आणि त्यातले काय टिकण्याजोगे आहे, हे क्रमाने पाहता येते.

मूळ प्रसंगात घटना दाटीवाटीने येतात. युधिष्ठिर धन, राज्य, भाऊ आणि स्वतःला हरतो, आणि मग शकुनीने सुचवल्यावर द्रौपदीला पणाला लावतो. तिला आणायला गेलेल्या प्रातिकामी या दूताबरोबर ती सभेसाठी प्रश्न पाठवते: युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की आपल्याला? जो स्वतःच दास झाला त्याला दुसऱ्याला पणाला लावण्याचा अधिकार उरतो का, हा त्यामागचा कायदेशीर मुद्दा. ती रजस्वला आहे, एकवस्त्रा आहे. दुःशासन तिला केस धरून ओढत आणतो; हे तेच केस, ज्यांवर राजसूय यज्ञाच्या अवभृथ स्नानात मंत्रपूत पाणी शिंपडले गेले होते. सभेत ती प्रश्न पुन्हा विचारते. भीष्म धर्माच्या सूक्ष्मतेचा आधार घेऊन उत्तर टाळतात. कौरवांपैकी एकटा विकर्ण तिच्या बाजूने बोलतो आणि कर्ण त्याला गप्प करतो. वस्त्रहरण, भीमाच्या प्रतिज्ञा, अपशकुन आणि शेवटी घाबरलेल्या धृतराष्ट्राने दिलेले वर असा पुढचा क्रम आहे. पहिल्या वराने द्रौपदी युधिष्ठिराला दास्यातून सोडवते, दुसऱ्याने उरलेल्या चौघांना शस्त्रे आणि रथांसह मुक्त करते आणि तिसरा वर घेत नाही.

लोकमनात ठसलेला कृष्ण या प्रसंगात नेमका कोठे येतो, हा पाठचिकित्सेचा जुना प्रश्न आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. वि. स. सुखठणकर यांनी तिच्या संपादनाची शिस्त घालून दिली आणि सभापर्वाचे संपादन फ्रँकलिन एजर्टन यांनी केले. हस्तलिखितांची तुलना करताना द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावा आणि कृष्णाने वस्त्रे पुरवल्याचा उल्लेख नंतरची भर ठरून मुख्य पाठातून तळटीपांत गेला. मुख्य पाठात एकामागून एक वस्त्रे प्रकटतात, पण ती कोणामुळे हे सांगितलेले नाही. वनपर्वात तर द्रौपदी कृष्णालाच सुनावते की पती, पुत्र, भाऊ, पिता यांच्याप्रमाणे तूही माझा नाहीस. आणि कृष्ण शाल्वाशी लढण्यात गुंतल्यामुळे आपण द्यूताच्या वेळी येऊ शकलो नाही, असे सांगतो. असे असले तरी कृष्णाचा धागा पूर्णपणे उपरा नाही. उद्योगपर्वात दूर असलेल्या आपल्याला तिने मारलेली हाक हे न फिटलेले ऋण असल्याचे कृष्ण म्हणतो, आणि ते वाक्य चिकित्सक आवृत्तीतही आहे. थोडक्यात, ग्रंथातच या प्रसंगाचे एकाहून अधिक थर आहेत. नृत्यरचनाकार त्यांपैकी एक निवडतो, तेव्हा तो परंपरेबाहेर जात नसतो.

भक्तिपरंपरेने निवडलेला थर सर्वांत परिचित आहे. कृष्णाच्या कापलेल्या बोटाला द्रौपदीने भरजरी वस्त्र फाडून चिंधी बांधली आणि त्या चिंधीची फेड त्याने सभेत वस्त्रांच्या राशीने केली, ही कथा मराठी कीर्तनांनी घरोघरी पोचवली. तिच्याच जोडीला आणखी एक निरूपण असते: द्रौपदीने एका हाताने वस्त्र धरून ठेवले होते तोवर कृष्ण आला नाही, दोन्ही हात जोडून ती पूर्ण शरण गेली तेव्हा आला. कथकच्या गतभावात हाच आशय नृत्यरूप घेतो. गतभावात एकच नर्तक सर्व पात्रे उभी करतो आणि एका पात्रातून दुसऱ्यात जाताना पलटा घेतो. शकुनी तळहातांत फासे घोळवून फेकतो, तबल्याचा बोल फाशांचा आवाज देतो, आणि पलट्यानंतर तोच चेहरा युधिष्ठिराचा होऊन खाली झुकतो. पुढे मुठी आवळून पदर खेचणारा दुःशासन दिसतो आणि लगेच त्याच खेचीने फिरत गेलेली द्रौपदी. मग चक्करांची मालिका सुरू होते. या शैलीचे सर्वांत चमकदार तांत्रिक अंग इथे न संपणाऱ्या वस्त्राचे चिन्ह होते. तिहाई समेवर येते तेव्हा हात वर केलेला कृष्ण प्रसन्न उभा असतो आणि दुसऱ्याच क्षणी थकलेला दुःशासन कपाळावरचा घाम निपटतो.

या रचनेचे बळ उघड आहे. चमत्कार शब्दांत सांगितला तर त्यावर विश्वास ठेवावा लागतो. चक्करांत तो डोळ्यांसमोर घडतो. तालाचे आवर्तन, शरीराचे फिरणे आणि वस्त्राचे उलगडणे या तिन्हींची गती एकच असते. पण याच बळातून तिची मर्यादाही येते. समेवर टाळी पडते आणि सभा प्रेक्षकांच्या मनातून निघून जाते. भीष्माचे मौन, विकर्णाचे बोलणे, कर्णाची आज्ञा यांना जागा उरत नाही. द्रौपदीने काय विचारले होते हे तर बाजूलाच पडते, कारण कृष्ण आल्यावर उत्तराची गरज राहत नाही. अन्याय टळला एवढे कळते. तो कायद्याच्या भाषेत, जाणत्यांच्या देखत कसा घडू शकला, हे कळत नाही.

कथकळीने हा प्रसंग दुसऱ्या टोकाकडे नेला. १७व्या शतकातील कोट्टयत्तु तंपुरान याने लिहिलेल्या चार आट्टकथा, म्हणजे कथकळीच्या संहिता, पांडवांच्या कथेवर आहेत आणि त्यांत पांचाली, म्हणजे द्रौपदी, वारंवार येते. ‘किर्मीरवधम्’च्या आरंभी वनवासाच्या उन्हात कोमेजलेल्या पांचालीकडे पाहून धर्मपुत्र युधिष्ठिर व्याकूळ होतो. गायक पद म्हणतात आणि नट त्याचा प्रत्येक शब्द मुद्रांनी, अतिविलंबित लयीत उलगडतो. द्यूतात स्त्रीला पणाला लावणाऱ्या राजाला आपल्या कृत्याचे फळ असे शांतपणे, नजर न चुकवता पाहावे लागते. ‘कल्याणसौगंधिकम्’मध्ये तिला हवे असलेले फूल आणायला भीम निघतो. या दोन्ही कथांत सभा रंगमंचावर नाही, पण तिची सावली सगळीकडे आहे.

सभा प्रत्यक्ष येते ती वयस्कर आर्यन नारायणन मूस यांच्या १९व्या शतकातील ‘दुर्योधनवधम्’मध्ये. द्यूत आणि पांचालीचा अपमान, मग कृष्णशिष्टाई आणि शेवटी रौद्रभीम, अशी तिची चढती बांधणी आहे. लाल दाढीचा दुःशासन आणि रक्ताने माखलेला भीम यांचा शेवटचा प्रवेश केरळात रात्रभर चालणाऱ्या प्रयोगाच्या अखेरीस, पहाटे येतो. भीम दुःशासनाचे पोट फाडतो, रक्त पितो आणि त्याच हातांनी पांचालीचे मोकळे केस बांधतो. केस मोकळे ठेवण्याच्या प्रतिज्ञेचा हा धागा व्यासांच्या संस्कृत ग्रंथात नाही. भट्टनारायणाच्या ‘वेणीसंहार’ या सहा अंकी नाटकाने तो रूढ केला. युद्ध आणि मरण रंगमंचावर दाखवू नये असा नाट्यशास्त्राचा संकेत आहे. कथकळीने तो बाजूला ठेवला, कारण इथे हिंसा दाखवणे हाच अर्थाचा भाग आहे. सभेत जे घडले त्याची किंमत केवढी होती, हे प्रेक्षकाला रक्त पाहिल्याशिवाय उमगू नये, अशी ही योजना आहे.

या शेवटात अन्यायाची आठवण टिकते, ही त्याची मोठी मिळकत. पण सूड भीमाचा आहे. पांचाली वाट पाहते, केस पुढे करते आणि कृतज्ञ होते. तिची वाणी पतीच्या बाहुबलात विरून जाते. कथकळीतील स्त्रीभूमिका दीर्घकाळ पुरुषच करत आणि वीररसप्रधान कथांत त्या दुय्यम समजल्या जात. कोट्टक्कल शिवरामन (१९३६–२०१०) यांनी स्त्रीवेषाला मध्यवर्ती स्थान मिळवून दिले. दुसरे पात्र मुद्रा करत असताना स्त्रीपात्राने नुसते उभे राहायचे नसते, प्रत्येक शब्दाला चेहऱ्याने प्रतिसाद द्यायचा असतो, हे त्यांच्या अभिनयाने दाखवून दिले. संहितेतील एक अक्षर न बदलता पात्राचे वजन बदलण्याचे हे उदाहरण आहे. मुंबईच्या नालंदा नृत्यकला महाविद्यालयाच्या संस्थापक कनक रेळे (१९३७–२०२३) यांना लहानपणी कथकळी शिकवणारे करुणाकर पणिक्कर हे ‘पांचाली’ याच उपनामाने ओळखले जात. पुरुष नटाचे नाव एखाद्या स्त्रीपात्राशी असे जोडले जाते तेव्हा ते पात्र परंपरेच्या दृष्टीने किरकोळ राहिलेले नाही, असे म्हणता येते.

२०व्या शतकाच्या आरंभी द्रौपदीच्या अपमानाला राजकीय अर्थ मिळाला. महाराष्ट्रात कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ (१९०७) नाटकातील सैरंध्रीत, म्हणजे अज्ञातवासातील द्रौपदीत, प्रेक्षकांनी पारतंत्र्यातील देश पाहिला आणि कीचकात लॉर्ड कर्झन. सरकारने १९१० मध्ये त्यावर बंदी घातली. तमिळ प्रदेशात सुब्रमण्य भारती यांच्या ‘पांचाली शपथम्’ने तेच केले. त्याचा पहिला भाग १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि काव्याचा शेवट प्रतिज्ञांवर होतो. भरतनाट्यम नर्तकांनी या काव्यावर अनेक रचना केल्या, कारण शपथ हा नृत्याला अनुकूल क्षण आहे: शरीर ताठ, पाय जमिनीवर रोवलेला, हात उंचावलेला. इथे द्रौपदी वाट पाहत नाही, स्वतः प्रतिज्ञा करते. पण ती आता देशाचे प्रतीकही आहे, आणि प्रतीक झालेल्या स्त्रीचे स्वतःचे गाऱ्हाणे मागे पडण्याचा धोका असतो. देश मुक्त झाला की शपथ पूर्ण झाली असे वाटते. सभेतला प्रश्न मात्र घरातल्या अधिकाराचा होता.

त्या प्रश्नाकडे वळण्याआधी एक मराठी मतभेद लक्षात घ्यावा लागतो. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’ (१९६७) मध्ये द्रौपदीचा प्रश्न ही तिची मोठी चूक मानली. वडीलधाऱ्यांच्या सभेत विदुषीसारखा कायद्याचा काथ्याकूट करण्याऐवजी तिने दयेची याचना करायला हवी होती, कारण प्रश्नाचे कोणतेही उत्तर तिचीच कोंडी करणारे होते, असे त्यांचे विश्लेषण आहे. पती दास झाला म्हणून त्याचा अधिकार संपला असे म्हटले, तर पत्नीचे स्थानच डळमळते. अधिकार शिल्लक आहे म्हटले, तर ती दासी ठरते. हे तर्कशास्त्र चोख आहे. पण त्यातूनच दुसरा निष्कर्षही निघतो: ज्या प्रश्नाचे प्रत्येक उत्तर स्त्रीला बांधते, तो प्रश्न सभेची नियमव्यवस्थाच उघडी पाडतो. अलीकडच्या नृत्यरचनांना त्याचे आकर्षण वाटते ते यामुळेच.

अडचण अशी की युक्तिवाद नाचून दाखवता येत नाही. हस्तमुद्रांची भाषा समृद्ध असली तरी ‘जर आधी अमुक घडले असेल, तर तमुक वैध कसे’ ही वाक्यरचना तिला पेलत नाही. मात्र प्रश्न विचारल्यानंतर सभेचे काय होते, हे दाखवायला नृत्याइतके नेमके माध्यम नाही. अभिनयदर्पणात आठ दृष्टिभेद सांगितले आहेत. भरताच्या नाट्यशास्त्रात ते छत्तीसपर्यंत जातात. द्रौपदीची नजर भीष्माकडे जाते आणि नर्तकी भीष्म होऊन पापण्या खाली घेते. द्रोणाकडे जाते आणि मान वळते. धृतराष्ट्राकडे जाते, तिथे दृष्टीच नाही. पाचही पतींकडे एकेक करून जाते. ग्रंथात दोन-तीन श्लोकांत संपणारे मौन रंगमंचावर दहा मिनिटे चालू शकते आणि त्यातला प्रत्येक क्षण वेगळ्या माणसाचा नकार असतो. शिवाय एकपात्री सादरीकरणात नकार देणारा आणि ज्याला तो मिळतो तो, दोघेही एकाच शरीरात राहतात. भीष्माला खलनायक ठरवून मोकळे होण्याची सोय त्यात नाही, कारण नर्तकीला त्याची लाजही आतून उभी करावी लागते.

केरळच्या कूडियाट्टम आणि त्यातून निघालेल्या नंगियारकूत्तु या एकपात्री स्त्रीसादरीकरणात हे तंत्र सर्वांत विकसित आहे. वेष न बदलता एका पात्रातून दुसऱ्यात शिरण्याच्या पद्धतीला तिथे ‘पकर्न्नाट्टम्’ म्हणतात. नंगियारकूत्तुचा पारंपरिक विषय श्रीकृष्णचरित होता. गेल्या काही दशकांत उषा नंगियार यांनी अहल्या, मंदोदरी, द्रौपदी यांसारख्या स्त्रियांवर नव्या रचना केल्या. विषय नवे, पण व्याकरण जुनेच: मिळाव वाद्याची साथ, दीपासमोरचे सादरीकरण, एका श्लोकाचा सावकाश विस्तार. ओडिसीत सोनल मानसिंग यांनी ‘द्रौपदी’ ही रचना उभी केली. या कामांमुळे प्रसंगाचा मध्य सरकला. वस्त्र हा विषय राहिला, पण सभाही विषय झाली.

याच दिशेने आणखी पुढे जाता येण्यासारखी एक जागा ग्रंथातच आहे. द्रौपदी एकवस्त्रा आहे आणि ते वस्त्र तिला धरून ठेवावे लागत आहे. नर्तकीने ही वस्तुस्थिती काटेकोरपणे पाळली तर तिचा एक हात संपूर्ण प्रसंगभर अडकून पडतो. संयुत हस्त, म्हणजे दोन्ही हातांच्या मुद्रा, तिला वर्ज्य होतात. नमस्कार करता येत नाही, शपथ पूर्ण करता येत नाही. प्रश्न विचारायचा तो एकाच हाताने. सभेतील पुरुषपात्रांना मात्र दोन्ही हात मोकळे. अधिकाराची विषमता अशी शरीराच्या हिशोबातच दिसते. कीर्तनातील निरूपणात दोन्ही हात सुटणे म्हणजे शरणागती. या वाचनात एक हात न सुटणे म्हणजे स्वतःचा मान स्वतः राखत प्रश्न लावून धरणे. तोच हात, तेच वस्त्र, पण अर्थ उलट, आणि दोन्हींना परंपरेचा आधार आहे.

नव्या मांडणीतल्या फसलेल्या रचनांचे दोष मात्र ठराविक असतात. ध्वनिमुद्रित निवेदनात स्त्रीमुक्तीचे विचार वाचले जातात आणि नर्तकी त्यांना साजेशा आकृती करते. तिथे विचार शब्दांत असतो आणि नृत्य त्याची सजावट होते. निवेदन बंद केले तर तीच रचना नेहमीच्या वस्त्रहरणासारखी दिसेल. पीटर ब्रूक यांच्या १९८५ मध्ये आविन्यों इथे सादर झालेल्या ‘महाभारत’मध्ये द्रौपदीची भूमिका भरतनाट्यम आणि कुचिपुडी शिकलेल्या मल्लिका साराभाई यांनी केली. ते नाटक होते, म्हणून तिथे शब्दांना पुढचे स्थान होते. नृत्यरचनेने नाटकाचे हे स्थान उसने घेतले की ती आपले बळ सोडून देते. अर्थ बदलला आहे की नाही, याची परीक्षा आवाज काढून टाकून करता येते.

या प्रयत्नांवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की आजचे विचार प्राचीन कथेवर लादले जातात. पण द्रौपदीचा प्रश्न आजच्या कोणी रचलेला नाही; तो सभापर्वात आहे, दोनदा विचारलेला आहे आणि वस्त्रहरणाच्या आधीचा आहे. उलट मोकळ्या केसांची प्रतिज्ञा आणि चिंधीची कथा नंतर आल्या, आणि परंपरेने त्या आनंदाने स्वीकारल्या. आक्षेप तेव्हाच रास्त ठरतो जेव्हा रचनाकार ग्रंथातल्या व्यक्तीऐवजी आपल्या सोयीची द्रौपदी उभी करतो. उदाहरणार्थ, मूळ द्रौपदी पतींना टाकून निघून जात नाही. वर मिळताच ती सर्वप्रथम युधिष्ठिराला सोडवते, कारण आपल्या मुलाला कोणी दासपुत्र म्हणू नये असे तिला वाटते. ही तिची चतुराई, तिचा संयम आणि तिसरा वर नाकारण्यातला अभिमान, सगळे वस्त्रांवर संपणाऱ्या रचनेत बसूच शकत नाही. केवळ बंडखोर द्रौपदी रंगवणाऱ्या रचनेतही ते बसत नाही.

दुसरा आक्षेप रसाचा आहे: न सुटलेल्या प्रश्नावर संपणारे नृत्य प्रेक्षकाला अस्वस्थ सोडते आणि रसास्वादाला विश्रांती हवी. त्यात तथ्य आहे, पण रसव्यवस्थेत करुण आणि बीभत्स यांना शृंगार आणि वीर यांच्याइतकेच स्थान आहे. पहाटेचा रौद्रभीम पाहून उठणारा केरळी प्रेक्षकही शांत मनाने घरी जात नाही. तमिळनाडूच्या तेरुक्कूत्तु या लोकनाट्यात, जिथे द्रौपदी ग्रामदेवता आहे, वस्त्रहरणाचा प्रवेश करणे नटांनाही धोक्याचे वाटते आणि त्याआधी विधी केले जातात. या प्रसंगाने अस्वस्थ व्हावे, अशीच परंपरेची अनेक ठिकाणी अपेक्षा आहे. ती झाकली गेली ती मुख्यतः मैफिलीच्या आटोपशीर सादरीकरणात, जिथे सम आणि टाळी यांची गाठ घालणे भाग असते.

तेव्हा तीन शेवटांपैकी एकच खरा आणि उरलेले खोटे, असे म्हणता येत नाही. कृष्णावर संपणारा शेवट श्रद्धेचा अनुभव देतो आणि कथकच्या तंत्राला त्याहून अनुरूप आशय मिळणे अवघड. केसांवर संपणारा शेवट अपमानाचे ऋण विसरू देत नाही. प्रश्नावर संपणारा शेवट सभेला जबाबदार धरतो. फरक त्यांच्या अपुरेपणात आहे: पहिल्या दोन्हींत द्रौपदीच्या वतीने दुसरा कोणी कृती करतो, तर तिसऱ्यात तिची स्वतःची कृती, म्हणजे विचारणे, केंद्रस्थानी राहते, आणि ग्रंथाच्या सर्वांत जुन्या थराशी तोच अधिक जुळतो. म्हणून नव्या रचनेचे मूल्यमापन तीन कसोट्यांवर करणे योग्य ठरेल. तिचा अर्थ ग्रंथातील एखाद्या थरावर उभा असावा, तो निवेदनातून न येता अंग, दृष्टी, लय आणि वेळ यांतून यावा, आणि ज्यांच्यावर ती ठपका ठेवते त्या पात्रांनाही तिने आतून उभे करावे. या कसोट्यांना उतरणारी रचना नवी असूनही परंपरेत सहज सामावते. न उतरणारी रचना जुनी कथा वापरते, पण तिच्यात भर घालत नाही.